नर्सची उमेदवारी

माझी भाची टेक्सासमध्ये असते. बारा वर्षं नर्स म्हणून काम केल्यावर, नोकरी सांभाळत ती पुढचं शिक्षण शिकली, परीक्षा पास झाली आणि नर्स प्रॅक्टिशनर झाली. म्हणजे आता ती पेशंट तपासते, निदान करते आणि त्या राज्याच्या नियमाप्रमाणे डॉक्टरशी लेखी करार करून औषधंही लिहून देऊ शकते. पहिली नोकरी एका छोट्या खासगी दवाखान्यात मिळाली. मालक डॉक्टर बोलायला गोड. ते म्हणाले, पहिले दोन आठवडे नुसती येऊन आमची पद्धत बघ, त्याचे पैसे नाहीत, ते शिकणं आहे. पुढे विमा कंपन्यांकडे तुझी नोंदणी व्हायला तीन-चार महिने लागतील. तोवर जमेल तसे पेशंट बघत जा. नोंदणी झाली की पगार सुरू.

तिनं फोनवर विचारलं, "मावशी, सगळ्यांनाच असं करावं लागतं म्हणतात. तू इतकी वर्षं नर्सिंग शिकवलंस. असंच असतं का गं?"

मी म्हटलं, "असंच असतं." फोन ठेवला आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मराठीत या प्रकाराला एक जुना शब्द आहे, उमेदवारी. आता तो निवडणुकीपुरता उरला आहे. पण पूर्वी कचेरीत जागा रिकामी होईल या आशेवर जो माणूस फुकट कारकुनी करायचा, तो उमेदवार. उमेद म्हणजे आशा. तिच्यावर जगणारा तो. वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याच्या दौतीतली शाई वापरायची, वरिष्ठांची मर्जी राखायची आणि कुणी मरण्याची किंवा बदलून जाण्याची वाट बघायची. आमच्या आजोबांच्या पिढीत हे इतकं सहज होतं की त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पण कचेरीतला उमेदवार निदान शिकाऊ तरी असे. माझी भाची परवाना घेतलेली, तिच्या सहीवर औषध दुकानातून औषध मिळतं. तिच्या बाबतीत आपल्याकडचं दुसरं बोलणंच लागू पडतं: बिनपगारी, फुल अधिकारी.

मी गुजरातेत एका इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत बावीस वर्षं ट्यूटर होते. इतिहास हा माझा विषय नव्हे, पण पहिल्या वर्षाच्या मुलींना "नर्सिंगचा इतिहास" हा पेपर असायचा आणि तो कुणालाच शिकवायचा नसल्यामुळे माझ्याकडे यायचा. त्या पेपरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल, दिवा, क्रिमियाचं युद्ध आणि सन १८६० एवढं आलं की मार्क मिळत. निवृत्तीनंतर मी त्याच इतिहासात पुन्हा शिरले, या वेळी एकच प्रश्न घेऊन: काम कोण करत होतं आणि पैसे कोण देत होतं?

१८६० च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नाइटिंगेलबाईंच्या नावानं शाळा सुरू झाली तेव्हा पंधरा मुली घेतल्या. त्यांना प्रोबेशनर म्हणत. वर्षभर शिकायचं, वॉर्डात काम करायचं आणि नंतर काही वर्षं सांगितल्या जागी नोकरी करायची, असा करार. पण या मुलींना जेवणखाण, राहणं आणि वर्षाला १० पौंड मिळत, आणि हे पैसे इस्पितळ देत नव्हतं. क्रिमियातल्या कामाबद्दल कृतज्ञतेनं लोकांनी वर्गणी काढून जो नाइटिंगेल फंड उभा केला होता, त्यातून ते येत. आमच्या पाठ्यपुस्तकात दिवा होता, फंड नव्हता. मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे. मुलींच्या शिकण्याचा खर्च बाहेरून येत होता म्हणून त्यांच्या शिकण्याला थोडी तरी स्वतंत्र किंमत होती.

ही पद्धत जगभर गेली, फंड मात्र मागे राहिला. १८७३ मध्ये न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन इथे नाइटिंगेल धर्तीच्या तीन शाळा निघाल्या. अमेरिकी इस्पितळांच्या लवकरच लक्षात आलं की शाळा काढणं हा वॉर्ड चालवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. १८८० मध्ये त्या देशात अशा पंधरा शाळा होत्या, १९०० मध्ये चारशेच्या वर, आणि १९२० च्या दशकात दोन हजारांच्या घरात. एवढी ज्ञानाची तहान अचानक कुठून लागली असेल? वीस-पंचवीस खाटांच्या इस्पितळांनीसुद्धा शाळा काढल्या. मुलगी तीन वर्षं दिवसाचे दहा-बारा तास राबे, रात्री थकून व्याख्यानाला बसे आणि शेवटी तिला प्रमाणपत्र मिळे. लंडनमध्ये तर एका मोठ्या इस्पितळाबद्दल उमरावांच्या सभागृहाच्या चौकशी समितीपुढे १८९० च्या सुमारास तक्रार गेली होती: शिक्षण पुरं न झालेल्या मुलींना प्रशिक्षित नर्स म्हणून श्रीमंतांच्या घरी पाठवतात आणि फी इस्पितळ घेतं. घरमालकाला सांगताना ती तयार नर्स आणि तिला पैसे देताना ती विद्यार्थिनी. ही दुहेरी वही पुढे पुष्कळ ठिकाणी भेटते.

कॅलिफोर्नियातला एक खटला मला फार आवडतो. तिथे १९११ मध्ये स्त्रियांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला. १९१३ मध्ये तो वाढवून इस्पितळांत शिकणाऱ्या मुली त्यात आणल्या. इस्पितळवाले कोर्टात गेले. एरवी त्यांचं म्हणणं असे की या मुली कामगार नाहीत, विद्यार्थिनी आहेत, सेवाधर्म शिकताहेत. पण आता त्यांची तक्रार होती की दिवस आठ तासांचा झाला तर जास्त माणसं लागतील आणि खर्च वाढेल. म्हणजे त्या मुलींच्या तासाला किंमत आहे, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९१५ मध्ये कायदा उचलून धरला. गंमत अशी की तयार नर्सना या कायद्यातून वगळलं होतं. शिकताना संरक्षण आणि शिकून झाल्यावर नाही! भाचीचा फोन आला तेव्हा मला हे आठवायला हवं होतं.

यानंतर जोसेफीन गोल्डमार्क ही बाई येते. ती नर्स नव्हती. कामगारांचे तास, थकवा, आजार यांची माहिती गोळा करणं हे तिचं काम. ऑरेगॉनच्या धोबीखान्यांतल्या बायकांच्या तासांबद्दलचा जो गाजलेला खटला १९०८ मध्ये लुई ब्रँडाइस यांनी जिंकला, त्यातलं ढीगभर माहितीचं निवेदन तयार करण्यात तिचा मोठा हात होता. ब्रँडाइस तिच्या बहिणीचे यजमान. धोबीखान्याकडे बघण्याची नजर घेऊन ही बाई नर्सिंग शाळांत शिरली. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांवर झालेला तिचा अहवाल १९२३ मध्ये बाहेर आला. तिनं निवडक शाळांमध्ये जाऊन बघितलं की मुलगी दिवसभर नेमकं काय करते: किती वेळ आजाऱ्याजवळ, किती वेळ झाडलोट, चादरी, भांडी, निरोप. जे काम दोन आठवड्यांत हातात बसतं ते दोन वर्षं करत राहण्यात कसलं शिक्षण आहे, असा तिचा साधा प्रश्न होता. इस्पितळाची गरज आणि मुलीचं शिक्षण यांचा संघर्ष आला की दर वेळी शिक्षण मागे पडतं, असा तिचा निष्कर्ष. त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र नर्सिंग शाळा उघडली. बाकीच्या बहुतेक शाळा होत्या तशाच चालू राहिल्या.

हे वाचताना मला माझी कपाटातली मोठी आडवी वही आठवली.

ड्यूटी चार्ट भरणं हे ट्यूटरचं काम. महिन्याच्या पंचवीस तारखेला मेट्रनबाईंकडून चिठ्ठी यायची: अमुक वॉर्डात रात्रपाळीला दोन, लेबर रूमला तीन, ओटीला दोन. किती मुलींना बाळंतपण शिकायचं आहे हे त्या चिठ्ठीत नसायचं. किती हात हवेत ते असायचं. तिसऱ्या वर्षाच्या मुली हुशार, म्हणून त्यांना रात्रपाळी जास्त. दोन वॉर्डांत मिळून एक स्टाफ सिस्टर आणि बाकी आमच्या मुली. एक मुलगी सलग तिसऱ्या महिन्यात मेल मेडिकलला लागली तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "टीचर, इथलं सगळं येतं आता मला. मुलांच्या वॉर्डात पाठवा ना." मी तिला म्हटलं, हातातलं काम नीट करणं हेही शिक्षणच आहे. ती "हो टीचर" म्हणून गेली. प्रत्येक मुलीचा प्रत्येक तास माझ्या अक्षरात लिहिलेला आहे. गोल्डमार्कबाईंना जे शोधायला गावोगाव फिरावं लागलं ते माझ्या मांडीवर होतं, आणि बावीस वर्षांत मी एकदाही बेरीज केली नाही.

फुकट काम पदवीनंतर संपतं, असं आम्ही मुलींना सांगत असू. तेही खरं नव्हतं. अमेरिकेत विद्यार्थिनींवर इस्पितळं चालत असल्यानं तयार नर्सला तिथे जागाच नसे. ती लोकांच्या घरी जाऊन खासगी ड्यूटी करी. १९२९ नंतरच्या मंदीत घरोघरच्या ड्यूट्या आटल्या, तेव्हा प्रमाणपत्र असलेल्या कित्येक नर्सेस इस्पितळात नुसत्या जेवणखाण आणि खोलीवर काम करू लागल्या. काही इस्पितळांना हिशेब उलटा दिसला: शाळा चालवण्यापेक्षा भुकेली ग्रॅज्युएट स्वस्त. शेकडो शाळा बंद पडल्या त्या काही गोल्डमार्कबाईंच्या अहवालामुळे नव्हे.

पैसे देता येत नाहीत असं नव्हतंच. १९४३ मध्ये युद्धासाठी नर्स हव्या झाल्या तेव्हा अमेरिकी सरकारनं कॅडेट नर्स कोअर काढला. फी, पुस्तकं, गणवेश आणि वर महिन्याला आधी १५, मग २०, शेवटी किमान ३० डॉलर विद्यावेतन. सव्वा लाखाच्या आसपास मुली त्यातून तयार झाल्या. ऐंशी वर्षांपूर्वीचा फंड पुन्हा एकदा बाहेरून आला, आणि युद्ध संपल्यावर गेला.

भाचीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बहुधा ठाऊक नसेल, पण त्यांचा युक्तिवाद रेल्वेच्या यार्डातून आलेला आहे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पोर्टलँड टर्मिनल या रेल्वे कंपनीचा खटला आला. कंपनी नव्या ब्रेकमनना सात-आठ दिवस यार्डात शिकवी आणि त्याचे पैसे देत नसे. किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. कोर्ट म्हणालं, ही माणसं कामगार नाहीत. कारण ती कुणा नेहमीच्या कामगाराची जागा घेत नाहीत, त्यांच्यावर सतत कुणाचं तरी लक्ष असतं, आणि त्यांच्यामुळे कंपनीचं काम पुढे तर जात नाहीच, कधी अडतंसुद्धा. हे शेवटचं कारण महत्त्वाचं आहे. शिकणारा माणूस मालकाला ओझं असेल तर ते शिकणं. निकालातला हा भाग लोक सोडून देतात आणि "शिकणाऱ्याला पगार नाही" एवढंच लक्षात ठेवतात. इस्पितळांना तर किमान वेतनाचा कायदा मोठ्या प्रमाणावर लागू झाला तोच १९६६ च्या दुरुस्तीनंतर.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून अनुभवी नर्सला जास्त शिकवून तिच्या हातात जास्त अधिकार द्यायचे, ही कल्पना. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत १०४ वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांच्या हयातीत अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेली. १९९८ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना त्यांच्या नावानं थेट पैसे देऊ लागली, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. अधिकार आला आणि त्याबरोबर विमा कंपन्यांकडे नाव चढवण्याची महिनोन्महिन्यांची कागदपत्रंही आली. परवाना हातात पण बिल लावता येत नाही, असा एक मधला काळ तयार झाला. नव्या मुलीची उमेदवारी आता या फटीत येऊन बसली आहे.

मी भाचीला पुन्हा फोन केला. विचारलं, "तू जे पेशंट बघशील त्यांचं बिल लागणार नाही का?"

ती थोडी थांबली. म्हणाली, "लागेल ना. सरांच्या नावानं."

मेडिकेअरचा एक नियम असा आहे की उपचाराची दिशा डॉक्टरनं ठरवलेली असेल आणि त्याची प्रत्यक्ष देखरेख असेल, तर पुढच्या तपासण्या नर्स प्रॅक्टिशनरनं केल्या तरी बिल डॉक्टरच्या नावानं, पूर्ण दरानं लावता येतं. ८५ टक्के नाही, १०० टक्के. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण मग पोर्टलँडच्या ब्रेकमनशी हिची तुलना कशी करायची? तो यार्डात अडथळा होता. ही दिवसाला दहा पेशंट बघणार आणि दवाखान्याच्या गल्ल्यात भर पडणार. लंडनची ती दुहेरी वही, फक्त संगणकावर.

असाच वाद अमेरिकेत एकदा वरच्या कोर्टात गेला आहे. फ्लोरिडात भूल देण्याचं शास्त्र शिकणाऱ्या पंचवीस माजी विद्यार्थी नर्सनी भूल देणाऱ्या कंपनीवर दावा लावला की आम्ही शिकत नव्हतो, तुमच्या पाळ्या भरत होतो. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं की मुख्य फायदा कुणाचा झाला हे बघा. आणि एकच माणूस काही तास विद्यार्थी व काही तास कामगार असू शकतो. समजा मालकानं परवान्यासाठी शिकणाऱ्याला आपलं घर रंगवायला लावलं, तर ते तास शिकण्यात धरायचे का, असं उदाहरण कोर्टानं दिलं होतं. मला त्या निकालात आवडलं ते हे की कोर्टही शेवटी तासांपाशीच आलं. या शिकाऊ विद्यार्थिनी तरी होत्या. माझ्या भाचीचं शिक्षण संपलेलं आहे.

आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर अजून नवा प्राणी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं अतिदक्षता विभागासाठीचा अभ्यासक्रम २०१६ च्या सुमारास आणला. पण पदवीनंतरची फुकट पाळी जुनी आहे. आखातात किंवा इंग्लंडात जायला अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून नव्या मुली "ट्रेनी" या नावाखाली नाममात्र पैशांवर, कधी कधी त्याहीविना, वर्षभर राबतात. बाँड लिहून घेतात, मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेतात. २०११ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ इथल्या नर्सेस या सगळ्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं सुचवलं की ५० खाटांहून लहान इस्पितळातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० खाटांच्या वर सरकारी नर्सइतके. केरळनं २०१८ मध्ये नवं किमान वेतन जाहीर केलं, तेही संपाच्या नोटिशीनंतर. त्या वर्षांत माझ्या काही विद्यार्थिनी मोर्चात होत्या. एकीनं मला फोटो पाठवला होता. मी "काळजी घे" एवढंच उत्तर दिलं, कारण मी तेव्हा अजून नोकरीत होते.

पहिलं वर्ष अवघड असतं हे खरं. नव्या प्रॅक्टिशनरला एकदम वीस पेशंट दिले तर ती घाबरेल, चुकेल. तिला हळूहळू भार द्यायला हवा. दवाखान्याच्या डॉक्टरांचं हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. कनेक्टिकटमधल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रानं २००७ मध्ये याच कारणासाठी नव्या नर्स प्रॅक्टिशनरांसाठी वर्षभराची रेसिडेन्सी सुरू केली. सुरुवातीला चार जागा. कमी पेशंट, शेजारी अनुभवी माणूस, आणि पगार. बाजारभावापेक्षा कमी, पण पहिल्या दिवसापासून. तशा रेसिडेन्सी आता बऱ्याच राज्यांत आहेत.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, जरा जास्तच लांबवून. ती म्हणाली, "मावशी, मला भांडायचं नाहीये. पहिलीच नोकरी आहे." मी म्हटलं, भांडू नकोस, वही घाल. किती वाजता गेलीस, किती वाजता निघालीस, किती पेशंट नुसते बघितलेस, किती स्वतः तपासलेस, बिल कुणाच्या नावानं गेलं. पेशंटचं नाव लिहू नकोस, आकडे लिही.

दोन आठवड्यांनी तिनं पहिल्या पानाचा फोटो पाठवला. सोमवार ते गुरुवार नुसतं बघितलेले पेशंट आहेत. शुक्रवारी दुपारी एक डॉक्टर रजेवर गेले, तिथून पुढे सगळे तिनं तपासलेले. दुसऱ्या आठवड्याची बेरीज तिनं तळाला केली आहे: ४१ तास, ३८ पेशंट. मिळालेले पैसे या रकान्यात तिनं शून्य न लिहिता रेघ मारली आहे. त्याच्या खाली मराठीत लिहिलंय, "सोमवारी सरांशी बोलते."

माझी आडवी वही मी माळ्यावरून खाली काढून ठेवली आहे. १९९१ चा जानेवारी पहिल्या पानावर आहे. सव्वीस मुली, एकतीस दिवस. अजून अर्ध्यापर्यंतच बेरीज झाली आहे.